उपदेशाने खाडा भरून निघत नाही

कॅन्सरच्या उपचारात रुग्णाचे मनोबल निर्णायक ठरते, हा समज महाराष्ट्रात घरोघरी पक्का बसलेला आहे. निदान कळताच भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगतो: खचू नका, मन घट्ट करा, अर्धा आजार मनातच असतो. बऱ्या झालेल्यांच्या मुलाखतींत जिद्दीचे कौतुक होते आणि दगावलेल्यांच्या बातमीवर ‘कॅन्सरशी झुंज अपयशी’ असा मथळा येतो. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. तरीही हा समज खोडून काढलाच पाहिजे. तो पुराव्यावर टिकत नाही. शिवाय आधार देणे हे ज्या माणसांचे, कारखान्यांचे आणि संस्थांचे काम आहे, त्या साऱ्यांना तो मोकळे सोडतो. भोसरी-निगडीपासून चाकण-महाळुंगेपर्यंतच्या कारखानदारी पट्ट्यात याची फार मोठी किंमत मोजावी लागते. इथल्या कामगाराचे उपचार धीर सुटल्यामुळे जितके तुटतात, त्याहून अधिक ते हजेरी, गाडीभाडे आणि सोबत यांपायी तुटतात.

या समजाला एके काळी संशोधनाचा आधार आहे असे वाटत होते. १९७९ मध्ये लंडनच्या स्टीव्हन ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या ६९ स्त्रियांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. लढाऊ वृत्तीच्या स्त्रियांची प्रकृती पुढील पाच वर्षांत इतरांपेक्षा बरी राहिली, असे त्यात दिसले. आजार आहे हेच न मानणाऱ्या स्त्रियांचेही तसेच झाले होते. हा अर्धा भाग मात्र पुढे कोणी सांगितला नाही. १९८९ मध्ये स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगल यांनी आजार शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांवरचा प्रयोग मांडला. दर आठवड्याला गटात बसून मोकळेपणी बोलणाऱ्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष अधिक जगल्या. या दोन अभ्यासांवर पुस्तके आणि व्याख्याने उभी राहिली.

मग मोठे अभ्यास झाले आणि आधीचे निष्कर्ष टिकले नाहीत. मॅगी वॉटसन यांनी ५७८ स्त्रिया तपासल्या. त्या चमूत स्वतः ग्रीअरही होते. १९९९ मध्ये त्यांनी लिहिले की लढाऊ वृत्तीचा जगण्याच्या कालावधीवर परिणाम आढळत नाही. २००१ मध्ये कॅनडातील पामेला गुडविन यांनी स्पीगल यांचाच प्रयोग २३५ स्त्रियांवर करून पाहिला. गटात बसलेल्या आणि न बसलेल्या, दोन्हींचे आयुर्मान जवळपास सारखेच निघाले. २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांनी १२५ स्त्रियांवर प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांनाही एकूण आयुर्मानात फरक मिळाला नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन यांनी डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांची नोंद तपासली. त्यांपैकी ६४६ जण त्या काळात दगावले होते. मनाची अवस्था बरी असलेले आणि नसलेले, यांच्या जगण्यात काहीही तफावत नव्हती. तोंडाचा कॅन्सर याच गटात मोडतो, आणि तंबाखू-चुना मळून रात्रपाळी काढणाऱ्या या पट्ट्याशी त्याचा सरळ संबंध आहे.

वॉटसन यांच्या अभ्यासातील एक निष्कर्ष या मताच्या विरुद्ध पुढे केला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्या स्त्रिया पूर्ण हताश झाल्या होत्या, त्यांच्यात आजार परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. यावरून ‘पाहा, आशा सोडली की माणूस जातो’ असे म्हणणे घाईचे आहे. हताशा अनेकदा नैराश्याचे लक्षण असते आणि नैराश्य हा आजार आहे. त्याला समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ आणि गरज पडल्यास गोळ्या लागतात. खचलेल्याला ‘खचू नको’ असे सांगणे हा त्यावरचा इलाज नव्हे. त्याने एवढेच होते की आपण खचलो आहोत हे तो घरात कोणाला कळू देत नाही. कॅन्सर रुग्णांच्या मनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास रुजवणाऱ्या न्यूयॉर्कच्या डॉ. जिमी हॉलंड यांनी सकारात्मक विचारांच्या या सक्तीला जुलूमच म्हटले होते.

लपवण्याचा हा परिणाम शरीरापर्यंत पोहोचतो. केमो दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. या दिवसांत १००.४ अंश ताप आला, तर रात्र असो की सणवार, रुग्णालय गाठायचे असते. जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. धीराचे पोवाडे ऐकलेला माणूस नेमका इथे चुकतो. क्रोसिन घेऊन पांघरूण ओढतो आणि सकाळी बघू म्हणतो, कारण कुरकुर केलेली त्याला कमीपणाची वाटते. याच्या उलट बाजूचा पुरावा २०१७ मध्ये अमेरिकेतील ईथन बाश यांनी दिला. पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ रुग्णांपैकी काहींना आपला त्रास दर आठवड्याला संगणकावर नोंदवायला सांगितले होते. मळमळ, दुखणे, धाप असे काही वाढले की परिचारिकेला लगेच सूचना जायची. हे रुग्ण ३१ महिन्यांच्या आसपास जगले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणारे २६ महिने. आयुष्य वाढले ते तक्रार वेळेवर केल्याने आणि ती कोणीतरी ऐकल्याने. सोसण्याचे कौतुक करणाऱ्या समाजाने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, इतका तो मोलाचा आहे.

उपचार रुग्णाकडून प्रत्यक्षात काय मागतात, हे तोंडाच्या कॅन्सरवरून नीट समजते. शस्त्रक्रियेनंतर बहुधा रेडिएशन लागते. रुग्ण त्याला ‘लाइट घेणे’ म्हणतात. आधी चेहऱ्याचा साचा घेतात. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून बसवतात. तो काही मिनिटांत कडक होतो. रोज तोच मुखवटा चढवून रुग्णाला टेबलाला जखडतात, म्हणजे किरण ठरल्या जागीच पडतात. सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे, एकूण तीस ते पस्तीस वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, लाळ आटते, चव जाते. वरणभातही गिळवत नाही, तेव्हा नाकातून नळी घालतात. मग दर दोन-तीन तासांनी कोणीतरी रुग्णाला उठवून बसवायचे, मोठ्या सिरिंजने गाळलेले पातळ वरण, दूध किंवा सत्त्वाची पेज सावकाश सोडायची, नंतर थोडे पाणी सोडून नळी स्वच्छ करायची आणि अर्धा तास त्याला आडवे होऊ द्यायचे नाही. हे दिवसातून सहा-सात वेळा. या कामाला मनोबल लागत नाही असे नाही, पण त्याआधी दोन मोकळे हात लागतात.

शिवाय हे वेळापत्रक मोडून चालत नाही. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन लांबले तर प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक टक्क्याने घटते, असे रेडिएशनतज्ज्ञ मानतात. आठवडाभराचा खंड म्हणजे पाच-सात टक्के. कोणत्याही सकारात्मक विचाराने एवढा फरक पडल्याचे आजवर दिसलेले नाही. म्हणजे ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ती गोष्ट खाडा न होणे ही आहे. आणि खाडा कशाने होतो? चाकण एमआयडीसीतल्या माणसाला रेडिएशनसाठी पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकातली कोंडी ओलांडून, पुढे मोशी-भोसरीतून. पीएमपीच्या गर्दीत उभे राहणे केमोनंतर धोक्याचे, आणि रिक्षा रोज परवडणारी नव्हे. जाणे, थांबणे, परत येणे यात पाळी बुडते. कारखान्यात वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. वर्षाकाठी ती पंधरा दिवसांच्या आसपास जाते. लाइटचे दिवसच तीसहून अधिक. हा हिशेब मन घट्ट केल्याने जुळत नाही.

यावर दुसरे उत्तर दिले जाते ते कुटुंबाचे. आपल्याकडे माणसे धावून येतात, परदेशासारखी आधारगटांची गरज आपल्याला नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. यातला अभिमान समजण्यासारखा आहे. माणसांच्या सोबतीचे महत्त्वही खरे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील आयाल आयझर आणि सहकाऱ्यांनी सव्वासात लाखांहून अधिक कॅन्सर रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा विवाहितांचा आजार लवकर पकडला जातो, त्यांचे योग्य उपचार अधिक प्रमाणात होतात आणि मृत्यू कमी होतात, असे दिसले. घरात कोणीतरी ‘आज दाखवायला जायचेच’ म्हणणारे असते, तारीख लक्षात ठेवते, सोबत जाते, ही त्यामागची साधी कारणे असावीत. पण ज्या कुटुंबाच्या भरवशावर हे सारे सोडून दिले जाते, ते कुटुंब या पट्ट्यात आहे कुठे? खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगेच्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा-विदर्भ-खानदेशातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले तरुण चौघे-पाचजण मिळून राहतात. आईवडील गावी, बायको-मुले गावी. खोलीतला जोडीदार जीव लावणारा असतो, पण त्याची पाळी वेगळी असते आणि त्याचा खाडाही पगारातून कापला जातो. रात्री दोन वाजता ताप मोजायला कोण उठणार, हा प्रश्न संस्कृतीच्या गौरवाने सुटत नाही.

सहकुटुंब राहणाऱ्यांचे प्रश्न वेगळे आहेत, सोपे नाहीत. पॅकिंगच्या किंवा वायरिंगच्या छोट्या युनिटमध्ये जाणारी बायको नवऱ्याच्या नळीसाठी घरी बसली, की घरातली दुसरी मिळकत त्याच महिन्यात थांबते. आजारी स्त्री असेल तर चित्र अधिक बिकट होते. केमोच्या दुसऱ्या दिवशी भाकरी थापणारी बाई ‘किती खंबीर’ म्हणून वाखाणली जाते. तिने आठ दिवस चुलीपाशी जायचे नाही आणि ते काम घरातल्या पुरुषांनी करायचे, हे मात्र कोणी ठरवून देत नाही. बाईच्या सोसण्याला सद्गुण ठरवण्याची सवय या समजाला फार सोयीची पडते. सोबत करणाऱ्याची दखल भारतीय रेल्वेने तरी घेतली आहे: कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना दुसऱ्या वर्गात ७५ टक्के आणि शयनयान वर्गात पूर्ण सवलत आहे, आणि बरोबरच्या एका माणसालाही ७५ टक्के सवलत मिळते. चिंचवडहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्याला याचा उपयोग होतो. कारखान्याच्या रजेच्या नियमांत या बरोबरच्या माणसाला जागा नाही.

तिसरा युक्तिवाद असा की सरकारी योजना भरपूर आहेत, रुग्णाने फक्त हिंमत करून पुढे यावे. योजना खरोखर आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या ईएसआयमध्ये, २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार येतो. त्याच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कॅन्सरसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत वाढीव लाभ आहे: ८० टक्के, आणि तो दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. चिंचवडच्या मोहननगरमध्ये या योजनेचे रुग्णालय आहे, आणि तिथे जे होत नाही त्यासाठी बाहेरच्या रुग्णालयात पाठवण्याची सोय आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देते. केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया तिन्ही त्यात आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

अडचण कागदावरच्या तरतुदीत कमी आणि कागद जुळण्यात जास्त आहे. वाढीव लाभासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि चार योगदान कालखंडांत १५६ दिवसांचे योगदान दाखवावे लागते. इथला ठेकेदारीतला कामगार ब्रेक घेत घेत राबतो. एक ठेकेदार गेला, दुसरा आला. विमा क्रमांक जुनाच चालवायचा असतो, पण दुसऱ्याने नवा काढून दिला की मागचे योगदान तुटक दिसू लागते. अप्रेंटिस म्हणून घेतलेला मुलगा तर योजनेच्या बाहेरच असतो. कॅन्सर अशा जागी गाठतो जिथे नोंदींमध्ये फट असते, आणि ती फट रुग्णाने निदानाच्या आठवड्यात शोधून बुजवावी अशी अपेक्षा केली जाते. बायोप्सीचा रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाला रेशनकार्ड, आधार, विमा क्रमांक आणि रेफरलची चिठ्ठी यांच्या मागे पळायला लावून वर त्याला हिंमत ठेवायला सांगणे अन्यायाचे आहे. हे पळणे दुसऱ्याने अंगावर घ्यायचे असते. आधार म्हणतात तो हाच.

‘तो आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे’ हे उत्तर कारखान्यांकडून मिळते तेव्हा ईएसआयचा १९४८ चा कायदाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो. ठेकेदाराच्या माणसांचेही विमा योगदान भरण्याची पहिली जबाबदारी त्या कायद्याने मुख्य मालकावर टाकली. मालकाने ते नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे. त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढून टाकण्यास मनाई केली. कायदा करणाऱ्यांना स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्षीच जे कळले होते, ते विसरायची मुभा आजच्या उद्योगांना नाही.

मग आधारगट निरर्थक म्हणायचे का? मुळीच नाही. गुडविन यांच्या अभ्यासात आयुष्य वाढले नसले, तरी गटात बसणाऱ्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला आणि वेदना कमी जाणवल्या. ज्या आधीपासून अधिक त्रासात होत्या त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. दुखणे कमी होणे हे स्वतःच पुरेसे मोठे फळ आहे. त्याला दीर्घायुष्याचे आमिष जोडण्याची गरज नाही. महाराष्ट्रात ज्या संस्था टिकल्या, त्या उपदेशावर उभ्या राहिल्या नाहीत. परळची नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांच्या निवाऱ्याचे काम करते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. १९९४ मध्ये स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेल्या वंदना गुप्ता यांनी मुंबईत व्ही केअर सुरू केली. तिथे याच वाटेने गेलेली माणसे नव्या रुग्णाशी बोलतात, कारण पुढचा आठवडा कसा जाईल हे त्यांनाच ठाऊक असते. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे पॅलिएटिव्ह केंद्र आहे. तिथे रुग्ण घरच्या माणसासह मोफत राहतो, वेदना आटोक्यात आणल्या जातात आणि त्या घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवली जाते. हे केंद्र फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते असा गैरसमज आहे. उपचार चालू असतानाही वेदनेवर इलाज करून घ्यायचा असतो.

या पट्ट्यात संघटित माणसांची वाण नाही. कंपन्यांत युनियन आहेत, गणेश मंडळे आहेत, भिशी आहे, गावाकडच्यांची मंडळे आहेत. कोणी आजारी पडले की लाइनवर वर्गणी फिरते आणि ती मनापासून दिली जाते. वर्गणी पहिल्या महिन्यात येते. उपचार सहा महिने चालतात. म्हणून पैशाइतकीच पाळ्यांची वाटणी लागते: कोणत्या दिवशी कोण सोबत जाणार, केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री खोलीवर कोण थांबणार, प्लेटलेट लागल्या तर कोण देणार, ईएसआयच्या खिडकीवर कोण उभा राहणार. पाळ्या लावणे हे काम इथल्या सुपरवायझरइतके चांगले दुसऱ्या कोणाला जमत नाही. कंपनीची बस ठरल्या वेळी हजारो माणसे आणते. त्याच वाटेवर एका रुग्णाला रुग्णालयाच्या फाट्याला उतरवणे अवघड नाही. सोबत जाणाऱ्याचा खाडा न मांडणे हे तर नुसत्या सहीचे काम आहे.

उपचार संपल्यावरही आधाराचा प्रश्न संपत नाही, आणि ‘जिंकला’ म्हणून टाळ्या वाजवणारे तिथेच निघून जातात. मानेतल्या गाठी काढताना खांद्याकडे जाणारी नस दुखावली गेली, तर हात खांद्याच्या वर नीट उचलता येत नाही. असेंब्ली लाइनवर डोक्यावरचा नटरनर ओढणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी जाणवते. लाळ आटलेल्याला दर काही मिनिटांनी घोटभर पाणी लागते, आणि कित्येक शॉपफ्लोअरवर बाटली जवळ ठेवू देत नाहीत. जेवायला अर्धा तास पुरत नाही, कारण घास बारीक करून पाण्याबरोबर उतरवावा लागतो. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी असते. हलके काम, जवळ पाण्याची बाटली, जेवणाची वाढीव वेळ, खांद्याच्या फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून काही तास आणि तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा, या पाच गोष्टी पुढच्या वेतन करारात पगारवाढीच्या आकड्याखाली लेखी यायला हव्यात, आणि ठेकेदाराच्या कामगारालाही त्या तशाच लागू झाल्या पाहिजेत.